रविवारी उभे राहिलेले खांब

डोलिना मॅकस्वीनला गप्पा मारायला माणूस लागे, विषय लागत नसे. गावच्या शाळेत तिने उभा जन्म मुलांना जेवण वाढलं आणि वाढता वाढता अख्ख्या बेटाच्या सोयरिकी तोंडपाठ केल्या. अशा बाईला बेटाच्या परिषदेच्या कचेरीतून फोन आला, की सभासद सोमवारी सकाळी नव्या घराची जागा पाहायला येतील, त्यांना वाट दाखवा, पण प्रकरणाबद्दल चकार शब्द काढू नका.

"म्हणजे 'या, बसा'सुद्धा नाही?"

"हवापाण्याचं बोललात तर चालेल," पलीकडची मुलगी म्हणाली.

"आणि चहा?"

"चहा नकोच, मिस मॅकस्वीन. उद्या कोणी म्हणेल, चहा पाजून फितवलं."

डोलिनाने फोन ठेवला. दारात आलेल्या माणसाला चहा न देता पाठवायचं म्हणजे या बेटावर त्याला शिवी दिल्यासारखंच. पण तिला खरी काळजी चहाची नव्हती, फिनलेची होती.

फिनले तिचा थोरला भाऊ. दोघांनीही लग्न केलं नाही. आईबापांच्या दगडी घरात, एकाच चुलीपुढे, रोज एकमेकांवर खेकसत दोघं म्हातारे झाले. फिनले गावच्या चर्चमध्ये स्तोत्रं उचलून द्यायचा. तो पहिली ओळ म्हणायचा आणि मग सगळी मंडळी त्याच्यामागून उसळायची. असा आवाज आसपासच्या गावांत नव्हता, आणि असा हट्टी माणूसही नव्हता. शरद ऋतूत त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि इंग्रजीही गेली. लहानपणापासूनची गेलिक, बेटाची जुनी भाषा, तेवढी राहिली, तीही तुकड्यातुकड्यांनी.

दगडी घरातला जिना शिडीसारखा उभा. डॉक्टरांनी साफ सांगितलं, त्या घरात यांना परत पाठवता येणार नाही. तेव्हा डोलिनाने रस्त्याखालच्या आपल्याच शेताच्या पट्टीत एक बसकं घर बांधायची परवानगी मागितली. दोन खोल्या, रुंद दारं, उंबरा नाही. बांधकाम परवान्याच्या अधिकाऱ्याने अर्ज फेटाळला. घर वस्तीच्या ओळीबाहेर पडतं, म्हणाला, आणि रस्त्यावरून पाहिलं तर त्याचं छप्पर डोंगराच्या रेषेच्या वर जाऊन उघड्या उतारावर डोळ्यांत खुपेल. डोलिनाने परिषदेच्या फेरविचार मंडळाकडे दाद मागितली. पाच निवडून आलेले सभासद कागद वाचणार, जागा पाहणार आणि मत देणार. नवं काही सांगायला बंदी. तुमचं दुःख जे कागदावर आलं तेवढंच खरं.

दरम्यान इस्पितळातली बाई गोड आवाजात म्हणाली होती, की बेटावरचा वृद्धाश्रम भरलेला आहे, पण समुद्रापलीकडे, मुख्य भूमीवर एक खाट मिळेल. तिकडे गेलिक कोणाला येत होती? फिनलेने पाणी मागितलं तर ते कळणार तरी कोणाला? या एका विचाराने डोलिना हातातलं काम टाकून मधेच उभी राही.

परवानगी मिळण्याआधी घर कुठवर येईल ते दाखवायला जागेवर खांब रोवतात. कॅलम सुताराने ते रोवले होते. चार कोपऱ्यांना चार आणि मधोमध आढ्याच्या उंचीचा एक. प्रत्येकाच्या डोक्यावर मासेमारीच्या जाळ्याचा नारिंगी तरंगा, म्हणजे दुरून दिसावा. प्रत्येकाच्या बुडाशी लाल रंगाची खूण. ती खूण जमिनीला टेकली की उंची बरोबर.

शनिवारी अंधार पडता पडता वारा सुटला. या बेटावर वारा सुटला म्हणजे काय, ते ज्याच्या कोंबड्यांचं खुराडं उडून गेलंय त्यालाच विचारावं. रविवारी उजाडल्यावर डोलिनाने पडदा सारला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. पाचही खांब आडवे. एक तर ओढ्यात पडला होता.

आणि वार रविवार.

रविवारी काम करू नये ही देवाची आज्ञा, म्हणून त्या दिवशी गावात कोणी हातोडा उचलत नाही. बटाटेसुद्धा शनिवारीच सोलून ठेवायचे आणि धुणं शनिवारीच दोरीवरून काढायचं. कॅलमला फोन करून "उद्या पहाटे ये" एवढं सांगणं म्हणजेही कामाचंच बोलणं. डोलिना चर्चला गेली, पण स्तोत्राचा एक शब्द तिच्या कानात शिरला नाही. बाहेर पडताना शेजारच्या पेगीने कोपराने ढोसलं.

"अगं, तुझे खांब झोपले की!"

"दिसलं मला."

"उद्या ती मंडळी म्हणतील, घर अजून बांधलंही नाही आणि पडलंसुद्धा!"

"पेगी, देवाच्या दारात उभी आहेस. जरा जीभ आवर."

पेगी हसली. डोलिनाला हसू आलं नाही. सभासदांना जागेवर काहीच दिसलं नाही तर ते अधिकाऱ्याच्याच कागदावर विश्वास ठेवणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

दुपारी ती थंड जेवणाची बशी घेऊन खिडकीशी बसली, तेव्हा तिला खाली माणूस दिसला. वरच्या पांढऱ्या घरातला ह्यू पेटिफर. इंग्लंडच्या दक्षिणेकडून निवृत्त होऊन आलेला, चर्चला न जाणारा, आणि अर्जाविरुद्ध हरकत घेणारा गावातला एकुलता एक इसम. त्याच्या बैठकीच्या खिडकीतून दिसणारा समुद्र डोलिनाच्या छपराने झाकला जाणार होता. त्याच्या खांद्यावर मोठा हातोडा होता.

तो ओढ्यात उतरला, खांब ओढून काढला. मग ठोकण्याचे आवाज येऊ लागले. रविवारच्या त्या सुन्न शांततेत प्रत्येक ठोका गावभर गेला असणार. जाऊन ओरडावं असं तिला वाटलं. पण आज भांडण झालं तर उद्या तो परिषदेला तेही लिहून कळवील. आणि तो करतोय काय? खांब वीतभर जरी वर ठेवून ठोकला, तरी छप्पर डोंगराच्या वर दिसणार. बेट्याने बरोबर दिवस साधला, ती मनात म्हणाली, आज मला बाहेर येता येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. बशीतलं मटण तसंच राहिलं.

सोमवारी उजेड फुटता फुटता ती विजेरी घेऊन खाली धावली. हिवाळ्यात आमच्याकडे सूर्यही सरकारी नोकरासारखा उशिरा येतो. पहिल्या कोपऱ्याची लाल खूण गवताला टेकलेली. दुसऱ्याचीही. ती मधल्या खांबाकडे वळली तोच रस्त्यावर गाडीचे दिवे दिसले.

पाच सभासद आणि त्यांच्याबरोबर परिषदेचा एक सल्लागार, सगळे पिवळ्या जाकिटांत आणि रबरी बुटांत. डोलिना म्हणाली, "वारा आहे आज," आणि गप्प झाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिचं बोलणं एका वाक्यात संपलं होतं. वर आपल्या फाटकाशी पेटिफर हाताची घडी घालून उभा होता.

सभासद रस्त्यावर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. मग अध्यक्ष, मिसेस गिलीज, डोलिनापाशी आल्या.

"एवढंच सांगा. हा मधला खांब आढ्याच्या नेमक्या उंचीचा आहे ना?"

हो म्हणावं, तर ते खोटं ठरू शकेल. नाही म्हणावं, तर तेही तिला माहीत नव्हतं. डोळ्यांपुढे फिनले आला, परक्या खोलीत पाणी मागणारा.

"शनिवारी वाऱ्याने सगळे पडले," ती म्हणाली. "मी परत लावले नाहीत. मला माहीत नाही, बाई."

मिसेस गिलीजनी सल्लागाराकडे पाहिलं. त्याने बुटाने मधल्या खांबापाशी चिखल खरवडला, वाकून पाहिलं, फीत लावली, नकाशाशी ताडून काहीतरी लिहिलं. डोलिनाला कोणी काही सांगितलं नाही. गाडी निघून गेली. चहा न घेता पाहुणे गेले आणि तिला त्यांच्या पाठीकडे बघवेना.

ती खांबापाशी गुडघ्यांवर बसली. लाल खूण नेमकी जमिनीला टेकलेली होती. तिने दोनदा बोट फिरवून पाहिलं.

"बरोबर आहे," मागून आवाज आला. पेटिफर खाली आला होता. "मी स्वतः मोजून ठोकलाय."

"तुम्ही? का?"

"तुमचे लोक रविवारी ठोकणार नव्हते." तो अवघडून उभा राहिला. "हे बघा, तुमचं घर मला तिथे नकोच आहे. हरकत मी मागे घेणार नाही. पण पडलेल्या खांबांच्या जिवावर जिंकलो असतो, तर त्या खिडकीत मला बसवलं नसतं."

"मी काल तुम्हाला मनात काय काय म्हटलं, सांगू?"

"नको," तो म्हणाला. "साधारण अंदाज आहे."

मंडळाची बैठक गुरुवारी होती. डोलिना मागच्या बाकावर बसली. तिथेही बोलायला बंदीच. सल्लागाराने वाचून दाखवलं, मधल्या खांबाची उंची मोजली, नकाशाप्रमाणे आहे. रस्त्यावरून त्याचं टोक डोंगराच्या रेषेखालीच राहतं. तरीही दोघे सभासद विरुद्ध बोलले, आज एक घर, उद्या दहा. दोन हात बाजूने, दोन विरुद्ध, आणि मग सगळ्यात शेवटी मिसेस गिलीजचा हात वर गेला. परवानगी मिळाली. डोलिना रडली नाही, कारण तिला अजून इस्पितळात जायचं होतं आणि खरी भीती तिथेच होती.

फिनले खुर्चीत बसला होता. चर्चमधल्या कोणीतरी त्याच्या कानावर सगळं आधीच घातलं असणार, हे तिने त्याच्या भुवयांवरून ओळखलं.

"मिळाली," ती म्हणाली.

"खांब," फिनले सावकाश म्हणाला. "कोणी लावले?"

"पेटिफरने."

"कधी?"

डोलिनाने त्याच्याकडे पाहिलं. रविवारी उकडलेलं अंडंसुद्धा नको म्हणणारा हा माणूस. रविवारच्या घामाने मिळालेल्या घरात मी पाऊल टाकणार नाही, असं म्हणायला तो कमी करणार नाही. मग समुद्रापलीकडची खाट. पण याच्याशी ती जन्मात खोटं बोलली नव्हती.

"रविवारी. भर दुपारी."

फिनलेने मान खिडकीकडे वळवली. मग त्याने विचारलं, "उंची? खरी होती?"

"अगदी खरी. आणि त्यात त्याचंच नुकसान होतं."

"मग खोटी साक्ष... नाही दिली त्याने." शब्द जुळवायला त्याला कष्ट पडत होते. "एक आज्ञा मोडली. एक पाळली. हिशेब... वरचा बघेल." थोडं थांबून तो म्हणाला, "त्याला चहाला बोलाव."

"बोलावते."

"सोमवारी," फिनले खेकसला. "रविवारी नाही."

डोलिना मोठ्याने हसली आणि उठून कोट घालू लागली. एक हात बाहीत गेला असताना मागून तिचं नाव ऐकू आलं, इतकं हळू की तिला आधी भासच वाटला.

"डोली, तिकडे पाठवतील म्हणून... मी फार भ्यालो होतो गं."

अख्ख्या जन्मात फिनले मॅकस्वीनने हे वाक्य कोणापुढे म्हटलं नव्हतं. डोलिना तशीच, अर्धा कोट अंगात, पुन्हा त्याच्याजवळ बसली आणि त्याचा निकामी हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला. "मीपण," ती म्हणाली.