वजा एक दिवस

पोर्ट हार्लनमध्ये डॉक्टर अँब्रोज थर्केल यांचं नाव निघालं की लोक एकच गोष्ट सांगत. देवीच्या साथीत, बायको खाडीपलीकडे घरात मरत असतानाही या माणसाने बेटावरची क्वारंटाइनची दोरी ओलांडली नाही. ही गोष्ट डॉक्टरांच्या तोंडावरही सांगितली जाई आणि दर वेळी ते टोपी हातात घेऊन खाली बघत. लोकांना तो विनय वाटे.

तसा माणूस मनमिळाऊ कधीच नव्हता. वसाहतीच्या सरकारचा डॉक्टर म्हणून त्यांनी खलाशांची हाडं बसवली, कैद्यांचे दात काढले, मेंढपाळांच्या बायकांची बाळंतपणं केली. पण कुणाच्या घरी चहाला म्हणून थांबले नाहीत. आता सत्तरी उलटली होती, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि गावात तरुण डॉक्टर आल्यापासून दारावरची घंटा मुकी झाली होती. जो कधी कुणाकडे बसला नाही, त्याच्याकडे येऊन कोण बसणार? येत त्या फक्त शेजारच्या कीओबाई. रोज संध्याकाळी मटणाच्या सुपाचा निळ्या काठाचा वाडगा कुंपणाच्या खांबावर ठेवायच्या, दोन टोमणे मारायच्या आणि जायच्या. त्या दोन टोमण्यांसाठी डॉक्टर दुपारपासून खिडकीशी बसून असत, हे त्यांनी कधी कबूल केलं नसतं.

सरकारी पत्रं वाचून दाखवायचं कामही बाईंकडेच होतं. पेन्शनच्या अर्जाचं उत्तर आलं तेव्हा त्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर टेकल्या आणि पत्र उजेडाला धरून वाचू लागल्या.

"'पेन्शनला वीस वर्षांची सेवा लागते. बेटावरील चार महिन्यांची नोंदवही अर्जदाराने सादर केलेली नाही. ते महिने वगळता सेवा अपुरी भरते.'" बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "वही कुठंय, डॉक्टर?"

"जाळली."

"कोणी?"

"मीच. बेटावरून कागदाचा कपटाही बाहेर न्यायचा नाही, असा हुकूम होता."

"कुणाचा हुकूम?"

"माझाच."

"धन्य आहे. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर असा, वर सरकारी शिक्का मारून." त्या पुढे वाचू लागल्या. "'शिवाय त्याच काळात, नऊ ऑगस्ट रोजी, अर्जदाराने गावातील राहत्या घरी पत्नीच्या मृत्यूच्या दाखल्यावर सही केल्याचे दिसते. अर्जदार तेव्हा बेटावर सेवेत होते, की घरी?'" बाईंनी पत्र मांडीवर आपटलं. "काय अकलेचे कांदे भरलेत कचेरीत. सही मागाहून केली असणार, एवढं कळू नये?"

डॉक्टर उठून खिडकीशी गेले.

"शपथेवर सांगणारा साक्षीदार आणा म्हणतायत. मी आहे की. सगळे महिने तिथंच होते, तुमच्या नावानं बोटं मोडत. गुरुवारी मॅजिस्ट्रेट येतोय, टोपी घालून येते."

पेन्शन नाही म्हणजे घर विकणं, आणि घर विकणं म्हणजे राजधानीतल्या सरकारी वृद्धाश्रमात ओळीने मांडलेल्या चाळीस खाटांपैकी एक. डॉक्टरांनी त्या आश्रमाची तपासणी एकदा केली होती. तिथल्या म्हाताऱ्यांना एकमेकांची नावं ठाऊक नव्हती.

आणि तरीही गुरुवार उजाडूच नये, असं त्यांना वाटत होतं.

एकवीस वर्षांपूर्वी आयर्लंडहून लोक घेऊन आलेल्या जहाजावर देवी निघाली. डॉक्टरांनी जहाजावरची सगळी माणसं समोरच्या बेटावर उतरवली आणि ओहोटीला जी वाळूची वाट उघडी पडते तिच्यावर दोरी बांधली. दोरीपलीकडे कुणी जाणार नाही, जिवंत नाही आणि मेलेलाही नाही. त्याच जहाजाने आलेल्या कीओबाईंचा मुलगा फेलिम सात वर्षांचा होता. तो गेला तेव्हा बाईंनी डॉक्टरांचे पाय धरले. पोराला गावातल्या कॅथलिक दफनभूमीत, पवित्र केलेल्या मातीत ठेवू द्या. नाहीतर निदान पाद्र्याला आत येऊ द्या. डॉक्टर म्हणाले, नियम म्हणजे नियम. पाद्री दोरीपलीकडे उभा राहून ओरडून प्रार्थना म्हणत होता आणि वाऱ्याने त्यातला एक शब्दही इकडे येत नव्हता. फेलिमला बेटावरच चुन्यात पुरलं.

पुढे बाई याच गावात राहिल्या. पहिलं वर्ष त्यांनी डॉक्टरांकडे मान वळवून बघितलं नाही. मग ती गोष्ट त्यांच्या कानावर आली. या माणसाने स्वतःच्या बायकोसाठीही दोरी ओलांडली नाही. दुसऱ्या दिवशी कुंपणाच्या खांबावर पहिला वाडगा आला.

गुरुवारी सकाळी बाई काळी टोपी घालून, हातमोजे चढवून दारात उभ्या राहिल्या.

"चला. बायबलवर हात ठेवून सांगते, एक दिवससुद्धा हा माणूस बेटावरून हलला नाही. बघू काय बोलतात."

"बसा, मिसेस कीओ."

"उशीर होईल."

"होऊ दे. बसा." डॉक्टर स्वतः उभेच राहिले. "मी हललो होतो. नऊ ऑगस्टला. पहाटेच्या ओहोटीला घरी गेलो आणि संध्याकाळच्या ओहोटीला परत आलो. ती सही तिथंच केलेली आहे, त्याच दिवशी. कपडे बदलले, जंतुनाशक कार्बोलिकने अंग घासलं, पण गेलो. मोलकरणीला गप्प राहायला सांगितलं. लोकांनी गोष्ट केली आणि मी ती होऊ दिली."

बाईंनी एक हातमोजा काढला आणि मांडीवर नीट पसरला.

"फेलिमच्या आधी की नंतर?"

"नंतर. अकरा दिवसांनी."

"भेटली ती? जिवंत होती?"

"होती. दुपारपर्यंत."

"हात धरलात तिचा?"

"हो."

बाईंनी त्या हातमोज्याचं एकेक बोट सरळ केलं. डॉक्टरांना वाटलं, आता ही शिव्या देईल. त्यांना त्या हव्याच होत्या.

"मला वाटायचं," त्या शेवटी म्हणाल्या, "आपण दोघं एकाच दोरीनं बांधलेले आहोत." मग त्यांनी हातमोजा पुन्हा चढवला. "चला. मॅजिस्ट्रेट थांबायचा नाही."

मॅजिस्ट्रेटसमोर त्यांनी बायबलवर हात ठेवला आणि जे होतं तेच सांगितलं. हा माणूस चारही महिने बेटावर होता. औषधं याने दिली, पू याने पुसला, खड्डे याने खणले. फक्त नऊ ऑगस्टला नव्हता. आवाजात ना राग, ना कणव. परतताना त्या रस्त्याच्या पलीकडल्या बाजूने चालल्या.

त्या संध्याकाळी सूप आलं नाही. आदल्या दिवशीचा रिकामा वाडगा डॉक्टरांकडेच होता. त्यांनी तो घासूनपुसून खांबावर ठेवला. सकाळी वाडगा उचललेला होता.

सहा आठवड्यांनी पत्र आलं. वाचायला कुणी नव्हतं म्हणून डॉक्टर ते पोस्टात घेऊन गेले आणि पोस्टमास्तरने चार लोकांसमोर खणखणीत आवाजात वाचलं. साक्षीदाराची साक्ष ग्राह्य धरण्यात आली आहे. एकूण सेवा वीस वर्षे सव्वीस दिवस. पैकी नऊ ऑगस्टची गैरहजेरी, वजा एक दिवस. पेन्शन मंजूर.

"एका दिवसानं काय फरक पडतो म्हणा," पोस्टमास्तर हसला. "पेन्शन मिळाली ना पुरी? नशीबवान आहात, डॉक्टर."

डॉक्टरांनी टोपी हातात घेतली आणि खाली बघितलं. मग ते घरी आले आणि सवयीने खिडकीशी बसले. ऊन उतरलं, समोर ओहोटी लागली, बेटाकडची वाट हळूहळू उघडी पडली. शेजारी चूल पेटल्याचा वास आला. खांबावर दिवेलागणीपर्यंत काही आलं नाही, तरी ते बसून राहिले.