मालिकेत नसलेला डॉक्टर

हे माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आत्यांना ओळखत नाही, म्हणून असेल. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई.

नाटकापासून सुरुवात करते, कारण त्या नाटकावर माझा अजून राग आहे. टीव्हीवर ती जखिणीची मालिका लागायची — ओसाड बंगला, आरशातून बाहेर येणारी बाई, अमावस्येला आपोआप उघडणारी विहीर. घराघरात तेच. तिचं कुणीतरी नाटक काढलं आणि ते सोलापूरला आलं. प्रयोग तासभर उशिरा सुरू झाला. पडदा वर गेला आणि इतका धूर सोडला की पुढच्या रांगा खोकत बसल्या. जखीण दोरीवरून उतरताना मध्येच लटकली, मग दोघांनी तिला पाय धरून खाली घेतलं. माईक खरखरत होता, पंखे बंद होते. आणि असल्या नाटकाला मला ओढून नेलं होतं आत्यांनी — ज्यांना स्टेजवरचं काहीच दिसत नव्हतं.

मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांना. उजेड कळायचा, कुणी हललं तर कळायचं, बाकी सगळं दुधाळ. मालिका त्या रोज ऐकायच्या. पण भुताच्या मालिकेत बोलतं कोण? नुसतं संगीत, किंचाळी आणि मग शांतता. की लगेच — "आता काय झालं गं?" मी भाकरी थापता थापता सांगायची. जखीण आली. जखीण गेली. आरसा फुटला. रोज, सणवार नाही की सुट्टी नाही. हात पिठात, मान टीव्हीकडे आणि तव्यावरची भाकरी करपलेली. तुम्ही वैतागला नसतात?

वैताग — तेवढाच असता तर मी हे सांगत बसले नसते.

खरं म्हणजे त्यांचं न दिसणं मला सोयीचं झालं होतं. लिहितानाही हात अडतोय. डोळे होते तेव्हा आत्या कपाटावरून बोट फिरवून धूळ दाखवायच्या, शेंगाचटणी जाडीभरडी राहिली तर परत कुटायला लावायच्या, मी गॅलरीत फोनवर किती वेळ उभी होते ते जेवताना सगळ्यांसमोर काढायच्या. दिसेनासं झालं आणि घर माझं झालं. आणि मग डोळ्यांच्या शिबिरात ऑपरेशनची तारीख मिळाली. आत्या भीत होत्या, पण तयार झाल्या होत्या.

त्या संध्याकाळी मालिकेत जखीण नुसती विहिरीभोवती फिरत होती. आत्यांनी विचारलं, काय झालं. आणि मी — कसं सुचलं, कुणास ठाऊक — म्हणाले, डोळ्यांचा एक डॉक्टर आलाय. त्यानं एका म्हातारीचं ऑपरेशन केलं, पट्टी सोडली आणि त्याच डोळ्यातून जखीण तिच्या आत शिरली. आता ती म्हातारी आपल्या नातवालाही ओळखत नाही.

आत्यांनी हातातला घास ताटात ठेवला. शिबिराला त्या गेल्या नाहीत. नवरा ओरडला, नणंद फोनवर रडली. मीसुद्धा सगळ्यांसमोर म्हणत राहिले — जा ना आत्या, काही होत नाही. आणि अधूनमधून त्या डॉक्टरला मालिकेत परत आणत राहिले, विसर पडू नये म्हणून.

तर नाटक. आत्या मोडनिंबच्या, आवाज बांधावरून हाक मारल्यासारखा. शेवटच्या अंकात त्यांना राहवेना. "रेखा, त्यो डोळ्याचा डॉक्टर कवा येतोय गं?"

मागच्या रांगेतली बाई पुढं वाकली. "आजी, असला डॉक्टरच न्हाय की त्यात. मी एक भाग सोडला न्हाय."

आत्या तिच्याकडे वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमचं ऱ्हायलं आसंल बघायचं. आमच्या सुनंनं पायलाय."

तिथं बोलता आलं असतं. निदान येताना रिक्षात. मी काय म्हणाले? नाटकात वेळ कमी असतो, गाळला असेल. आणि घरी येईपर्यंत नाटकालाच शिव्या देत राहिले — तो धूर, ती दोरी, तो माईक.

पुढे एका सकाळी आत्यांचा डावा डोळा लाल झाला, ठणकायला लागला. डॉक्टर वैतागले. मोतीबिंदू पार पिकून गेलाय, आत दाब वाढलाय, इतके दिवस काय करत होतात? मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. पण आत्या आधी बोलल्या. "मीच भ्याले, डॉक्टर. ही तर लई मागं लागली हुती."

मी मान हलवली. हो म्हणाले.

डावा डोळा गेला. उजव्याचं ऑपरेशन झालं, त्यानं चांगलं दिसतं. आता टीव्हीवर भुताची नवी मालिका लागते आणि आत्या ती अगदी जवळ बसून स्वतः बघतात. पण भूत यायचं संगीत सुरू झालं की तो एक डोळाही तळहातानं घट्ट झाकून घेतात — त्यातून काही आत शिरू नये म्हणून — आणि मला विचारतात, काय झालं गं. मी सांगते. आता जे दिसतं तेच सांगते. पण आत्या, हात काढा, तसं काही नसतं, हे मी अजून म्हटलेलं नाही.