खुनी डॉक्टर आहे, तू पुढे वाच

नेरेइदा मोन्तेरो आमच्या सिगारच्या कारखान्यात वाचायला आली, त्याआधी ती बस स्थानकावर घोषणा द्यायची. सांता क्लाराची गाडी लागली आहे, हवानाची आज येणार नाही, ज्याची कोंबडी सुटली आहे त्याने ती धरावी, हे सगळं एका दमात. गावातल्या प्रत्येकाने कधी ना कधी तिचा आवाज ऐकून धावत जाऊन गाडी पकडली होती किंवा चुकवली होती.

आमच्याकडे वाचणारा वरून नेमत नाहीत, आम्ही सिगार वळणारे मत देऊन निवडतो. दिवसभर बाकावर बसून तंबाखूची पानं वळायची. हात गुंतलेले, कान रिकामे. म्हणून समोरच्या चौथऱ्यावर बसून कुणीतरी सकाळी पेपर वाचतं आणि जेवणानंतर कादंबरी. म्हातारे फेर्मीन निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागेसाठी तिघांनी वाचून दाखवलं. एक शाळामास्तर होता, तो प्रत्येक परिच्छेदानंतर आम्हालाच प्रश्न विचारायचा. दुसरा करुण प्रसंगात स्वतःच असा रडला की त्याला पुढची ओळ दिसेना. नेरेइदाचा आवाज मागच्या भिंतीला आपटून परत आला. आम्ही तिला निवडलं.

पहिली कादंबरी आम्हीच मागितली, रहस्याची. बंदरावरचा जुना बंगला, धुकं, एक श्रीमंत विधवा आणि तिच्याभोवती घुटमळणारे नातेवाईक. नेरेइदाने ती वाचली ती गाडी सुटायला आल्यासारखी. जेवणाची सुट्टी संपून आम्ही नीट टेकतोय तोवर विधवा मेली, भाचा मेला, आणि दुपारच्या कॉफीआधी माळ्याला अटक.

माझ्या शेजारचा एस्कोलास्तिको म्हणाला, "ओदालिस, मघाशी मेलं कोण?"

"मला काय विचारतोस? मी पान उचलायला वाकले होते."

पान कापायला आमच्याकडे बिनमुठीचं पातं असतं. वाचलेलं आवडलं की सगळे पातं बाकावर वाजवतात, नाही आवडलं की जमिनीवर टाकतात. त्या दिवशी इतकी पाती पडली की मुकादम एवेलियो छप्पर कोसळलं समजून पळत आला.

नेरेइदा भडकली. "अरे, तुम्हाला खून हवा होता ना? तीन दिले!"

"अगं बाई, पण धुकं कुठे गेलं?" मी विचारलं. "पहिल्या पानावर होतं."

"ते मी गाळलं. धुक्यात काही घडत नव्हतं."

ती सगळंच गाळायची. पाऊस, जिने, खिडक्या, लोकांचं जेवण. तिच्या मते लेखकाला मुद्द्यावर येता येत नव्हतं आणि ती त्याला मदत करत होती. आम्ही तिला काढून टाकायच्या बेतात होतो.

मग एका दुपारी वीज गेली. वीज जाणं रोजचंच, उजेडाला आमच्याकडे मोठ्या खिडक्या आहेत. पण त्या दिवशी ती ऐन वाचनात गेली; चौथऱ्यावरचा माईक बंद पडला आणि छताचे पंखेही. दुसरी कादंबरी चालू होती आणि त्यातली मुलगी नुकतीच एका रिकाम्या घरात शिरली होती. नेरेइदाला आता ओरडून वाचावं लागत होतं. ओरडणं आणि गाळणं दोन्ही एकदम जमेना, म्हणून ती दिसेल ती ओळ वाचू लागली. एक वाक्य झालं की दम खायची.

"दिवाणखान्यात कुणी नव्हतं."

दम.

"टेबलावरची कॉफी मात्र अजून गरम होती."

पुन्हा दम. आणि काय सांगू, एवढ्या लोकांत एक खोकला नाही! ऐकू यावं म्हणून सगळे गप्प झाले होते, आणि गप्प झाल्यामुळे त्या रिकाम्या घरातच बसल्यासारखे झाले होते. कुठेतरी एक दार वाऱ्याने करकरलं आणि मागच्या बाकावरची मार्सेलिना "आई गं!" म्हणून उभीच राहिली. ते आमच्या संडासाचं दार होतं.

वीज आली. पंखे फिरले, माईक खरखरला, आणि नेरेइदा पुन्हा धावू लागली. सगळे एकदम ओरडले, "बंद कर तो माईक!"

तिला तेव्हा काहीतरी उमगलं. दुसऱ्या दिवसापासून ती धुकं वाचू लागली. आधी नाखुशीने, औषध घेतल्यासारखी. मग तिला त्याची चटकच लागली. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, कुठल्या शब्दाआधी पाण्याचा घोट घ्यायचा. ती ग्लास उचलायची तेव्हा मी पान तसंच हातात धरून बसायचे. घरीसुद्धा तिची तीच तऱ्हा. तिचा नवरा कारखान्याबाहेरच्या बाकावर बसून आमच्यापाशी रडगाणं गायचा: "भात करपला का, एवढंच विचारलं हो! तर म्हणते, 'आधी नुसता वास आला. अगदी मंद.' मला भूक लागलेली!"

पण तिच्या या कलेने कारखान्यात वेगळंच संकट आणलं. वळलेल्या सिगारमधून हवा नीट ओढली जाते का, ते यंत्रावर पाहतात. खुनाच्या दुपारी वळलेल्या सिगारी ठोकळ्यासारख्या घट्ट निघायला लागल्या. भीतीने आमच्या मुठी आवळल्या जात होत्या.

एवेलियो चौथऱ्यापाशी आला. "बाई, तुमच्या त्या खुन्याने माझा माल बिघडवला. उद्यापासून बेसबॉलचे निकाल वाचा."

"बेसबॉलने काय होईल?"

"आपला संघ हरतोय. हात आपोआप ढिले पडतील."

"मी तुम्हाला रताळ्याचं सूप देते," नेरेइदा म्हणाली.

एवेलियोला कळेना. झालं असं की ती वाचायचा भाग आधी घरी बघून ठेवू लागली. एखादं पान आमचा श्वास रोखून धरणारं असलं की वाचनाचा तुकडा असा पाडायची, की लगेच मागून कुणीतरी जेवायला बसलेलं असायचं. मग सूप, पाव, स्वयंपाकिणीची कटकट. आमचे खांदे उतरायचे, मुठी सुटायच्या. एवेलियो यंत्रापाशी उभा राहून ओरडायचा, "बाई, फार घट्ट येतंय, जरा सूप वाढा!"

अशी गाडी रुळावर असताना एस्कोलास्तिकोने घोळ घातला. माणूस वाईट नाही, पण त्याला कुणाच्याही आधी काहीतरी ठाऊक असल्याशिवाय जेवण जात नाही. नवी कादंबरी सुरू झाली होती, आजवरची सगळ्यात झकास. एका आजारी मुलीच्या घरात एकेक माणूस मरत होतं. रविवारी हा सांता क्लाराला मेहुण्याकडे गेला, मेहुण्याने तेच पुस्तक वाचलेलं. सोमवारी नेरेइदाने पुस्तक उघडलं आणि हा उभा राहून म्हणाला, "डॉक्टर. सगळे डॉक्टरनेच मारले."

पाती पडली, पण या वेळी त्याच्या दिशेने. मार्सेलिना तर रडायला आली. "मेल्या, माझा त्या डॉक्टरवर जीव जडला होता!"

"दुसरं पुस्तक काढा," कुणी म्हणालं. "आता यात राहिलंय काय?"

मत घ्यायची वेळ आली. नेरेइदाने पुस्तकाचं पान उलटलं. मग म्हणाली, "बरं, खुनी डॉक्टर आहे. मी पुढे वाचते. कंटाळलात की सांगा."

आणि तिने वाचलं. आता डॉक्टर नुसता मुलीची नाडी बघायचा, तरी आमच्या अंगावर काटा यायचा. आधी तो आला की आम्हाला बरं वाटायचं. आता तो हसला, हातमोजे काढले, "आज कशी आहेस, बाळ?" म्हणाला, की मला त्या बाळाला उचलून गावाबाहेर न्यावंसं वाटायचं. सगळं माहीत होतं आणि काही करता येत नव्हतं. लेखकाने लपवून ठेवलेलं आमच्यासमोर उघडं पडलं होतं, आणि त्याने भीती दुप्पट झाली होती.

शेवटी ती दुपार आली. घरात मुलगी एकटी. बाहेर धुकं. डॉक्टर जिना चढतोय. नेरेइदाने त्या जिन्याची एक पायरीही गाळली नाही. लाकूड कुठे कुरकुरतं, कठडा कसा ओला लागतो, वरच्या खोलीत घड्याळ कसं बंद पडलंय, सगळं. माझ्या हातातलं पान वाळून चुरगळलं. एवेलियो काहीतरी सांगायला आत आला होता, तो दाराची कडी धरून तिथेच थिजला.

"त्याने दारावर टकटक केली," नेरेइदा म्हणाली.

आणि तिने ग्लास उचलला.

"अगं पोरी, उघडू नकोस!"

एवढ्या मोठ्याने ओरडलं कोण म्हणून सगळे वळले. एस्कोलास्तिको बाकावर चढला होता. मेहुण्याकडून सगळं ऐकून आलेला एस्कोलास्तिको, हातात अर्धी वळलेली सिगार, डोळे बाहेर आलेले.

तेवढ्यात सुट्टीची घंटा झाली. नेरेइदाने पुस्तक मिटलं. पाती बाकांवर अशी वाजली की भिंतीवरची धूळ खाली आली. घरी कुणी जाईना. सगळ्यांनी एस्कोलास्तिकोला घेरलं.

"सांग ना, वाचते का मुलगी?" मार्सेलिनाने त्याची बाही धरली. "तुला तर माहीत आहे."

तो बाकावरून हळूच उतरला. आमच्याकडे पाहिलं, मग चौथऱ्यावर पिशवी भरणाऱ्या नेरेइदाकडे.

"मेहुणा बोलला होता काहीतरी," तो म्हणाला. "मी नीट ऐकलं नाही."

आणि टोपी घालून घाईघाईने निघून गेला.