अंधारातली कुपी

पीएच.डी. करायला घेतली तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होती, आणि स्वभाव मुळातच तापट. नांदुऱ्याच्या कॉलेजात दिवसभर शिकवायचं, उरल्या वेळात प्रयोग, मग पाचच्या एसटीनं पिंपळगाव राजाला घरी. प्रयोग सांगायला सोपा होता. पाण्यात एक रसायन आणि चिमूटभर गुलाबी रंग घालून कुपी बंद करायची. हिरवा दिवा लावला की पाण्यातले सुटे रेणू एकमेकांना जोडून लांबच लांब साखळ्या होतात आणि पाणी काकवीसारखं घट्ट होतं. दिवा नाही तर साखळीही नाही. माझा सगळा प्रबंध या एका वाक्यावर उभा होता.

म्हणून रोज संध्याकाळी एक कुपी मी बिनखिडकीच्या सामानाच्या खोलीत ठेवून जायची. सकाळी ती पाण्यासारखी पातळच असायला हवी होती, पण निघायची घट्ट. मी रसायन बदललं, पाणी पुन्हा शुद्ध केलं, काचेची भांडी घासून घासून हात सोलून घेतले. असे तीन आठवडे गेले. शेवटी मार्गदर्शक सर फोनवर म्हणाले, "अंधारातही साखळ्या वाढत असतील तर प्रकाशाचा ताबा कुठे राहिला? विषयच बदलावा लागेल." चार वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती. त्या दिवशी मी वर्गात पोरांवर विनाकारण खेकसले.

त्याच संध्याकाळी एसटी आली नाही. तासभर वाट पाहून, कंटाळून कॉलेजात परतले, तर सामानाच्या खोलीच्या दाराखालून उजेडाची पट्टी दिसली. आत ट्यूबलाइट लख्ख पेटलेली, आणि आमचे प्रयोगशाळेतले शिपाई चाचा टोपी घालून नमाजाला निघालेले.

"चाचा, ही ट्यूब कोणी लावली?"

"म्याच लावली, मॅडम. मगरीबच्या वक्ताले, दिवे लागतानी, खोलीत अंधार ठेवू नाही, अम्मी सांगे. सकाळी झाडतो तवा बंद करतो."

"रोज?"

"हाव, रोज. काऊन, काही बिघडलं काय?"

ओरडायला तोंड उघडलं होतं मी. पण आमच्या घरी तरी काय वेगळं? दिवेलागणीला एक खोली अंधारी राहिली तर आई आजही बोलते. ट्यूबच्या पांढऱ्या उजेडात हिरवाही असतोच, आणि कुपीला साधा चंदेरी कागद गुंडाळायचं पहिल्या वर्षाच्या पोरालाही सुचलं असतं. मीच खिडकी नसलेल्या खोलीवर विसंबून राहिले. काखेत कळसा नि गावाला वळसा. मी स्टुलावर बसून हसत सुटले, तसे चाचा अधिकच घाबरले.

"ट्यूब लावत जा," मी त्यांना सांगितलं. नवीन कुपी भरली, कागदाचे तीन वेढे दिले आणि तिथेच ठेवली.

सकाळी कागद सोडवायचं धाडस होईना. "तुम्हीच बघा, चाचा," म्हणून मी पाठ फिरवली. वर्षानुवर्षं त्यांनी एवढंच पाहिलेलं, की घट्ट झालं की मॅडम खूश. मागे कागदाचा चुरचुर आवाज झाला. मग ते अगदी पडलेल्या आवाजात म्हणाले, "माफ करा, मॅडम. पानीच राह्यलं."

मी तोंडावर पदर धरून रडले, आणि चाचा बिचारे पुन्हा पुन्हा माफी मागत राहिले.