पंखा थांबेपर्यंत

समोर टॉवरचं काम सुरू झाल्यापासून चंपाताई सकपाळांच्या दिवसात शांत असा एकच तास उरला होता. दुपारी एक वाजता मजूर जेवायला बसत, खड्डे खणणारं यंत्र गप्प होई, आणि परळच्या त्या चाळीत खालच्या मजल्यावरचा टीव्हीसुद्धा डुलकी काढी. मग चंपाताई खिडकी लावून घेत, डोक्यावरचा पंखा बंद करत आणि घाम पुसत पुसत माईकसमोर पुस्तक वाचायला बसत.

वाचायचं ते रश्मीसाठी. रश्मी नायगावची, बुद्धविहारात ओळख झालेली. जन्मापासून दृष्टी नाही, इतिहासात एम.ए. करत होती. तिचा कॉम्प्युटर इंग्रजी घडाघडा वाचून दाखवायचा, पण मराठी पुस्तकाच्या झेरॉक्सवर त्याची जीभ अडखळायची. "मावशी, तो 'राष्ट्रकूट' म्हणतो ना, तेव्हा भातात खडा लागल्यासारखं होतं," असं ती म्हणाली, आणि पालिकेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या चंपाताईंनी तिथल्या तिथे हे काम अंगावर घेतलं. फोनवर वाचन रेकॉर्ड करायचे प्रयोग झाले, पण निम्म्या वाक्यात कुणीतरी फोन करायचं. शेवटी भाच्याने, विकासने, ऑफिसातून निघालेला एक जुना कॉम्प्युटर आणून दिला.

सगळं सुरळीत चाललं होतं. परीक्षा शुक्रवारवर आली, शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं, आणि ऐन वाचनात पडदा निळा झाला. 'अपडेट चालू आहे. संगणक बंद करू नका.' ना विचारलं, ना सवरलं. त्या दुपारी वाचलेलं सगळं गेलं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता कॉम्प्युटर सुरू केला, तर नवंच. 'बदल मागे घेत आहोत. संगणक बंद करू नका.' ठिपक्यांचं एक रिंगण गोल गोल फिरत राहिलं. ते थांबलं तेव्हा समोरच्या यंत्राची धडधड पुन्हा सुरू झाली होती. तिसऱ्या दिवशीही तेच.

चंपाताईंना राग आला नाही असं नाही. पण त्यांचा राग फार वेळ रागच राहत नसे, थोड्या वेळाने त्याचं कुतूहल होई. नोकरीत असताना एखादं पोर रोज उशिरा आलं, तर ओरडण्याआधी त्या त्याच्या घरी जाऊन बघून येत. आताही त्यांना एकच प्रश्न पडला होता: हा रोज जे मागे घेतो, ते पुढे नेलं कधी?

"व्होल्टेज," रामजी म्हणाले. रामजी म्हणजे चंपाताईंचे यजमान, एकेकाळी गिरणीत वायरमन. घरात काहीही बिघडलं की त्यांचा पहिला संशय व्होल्टेजवर.

"अहो, पण हे व्होल्टेज रोज बरोबर एकलाच कसं येतं?"

"तू कॉम्प्युटर कधी लावतेस? एकला. मग ते काय सातला येणार?"

विकासला फोन केला, तर तो म्हणाला, "मामी, भंगारात टाक तो. जुना झालाय."

"मग तुझ्या मामांचं काय करू?" असं विचारून चंपाताईंनी फोन ठेवला.

त्या दिवशी दुपारी रश्मीचाच फोन आला. "जय भीम, मावशी. तुमच्याकडून काही आलं नाही. तब्येत बरी आहे ना?"

पोरीने घाई करतेय असं दाखवलं नाही, म्हणून चंपाताईंना जास्तच अपराधी वाटलं. त्यांनी सगळं सांगितलं. रश्मी हसायला लागली.

"माझापण असंच करतो. बोलता बोलता मध्येच गप्प. मला वाटतं, मीच काहीतरी भलतं दाबलं."

"मग तुला कळतं कसं, त्याचं काय चाललंय ते?"

"कान लावते ना. पोटातला पंखा फिरतोय तोवर तो कामात आहे. पंखा थांबला की झोपला. मगच भिंतीवरचं बटण बंद करायचं. तुमचा पंखा केव्हा थांबतो?"

चंपाताई आठवू लागल्या. संध्याकाळी त्या कॉम्प्युटर बंद करायची आज्ञा देत आणि विहारात जायचं म्हणून आत साडी बदलायला जात. बाहेर येईपर्यंत सगळं शांत असे. पण तो पंखा थांबताना त्यांनी कधी ऐकला नव्हता.

त्या संध्याकाळी आज्ञा दिल्यावर त्या आत गेल्याच नाहीत. खुर्ची ओढून समोर बसल्या. पडदा निळा झाला. 'अपडेट चालू आहे. आठ टक्के.' मग अकरा. त्यांना गंमत वाटली; रोज आपल्या पाठीमागे हे एवढं चालत होतं तर. पांढरा सदरा घालून रामजी घरातल्या रोजच्या फेरीला निघाले. गॅसचा कॉक बघितला, इस्त्रीचा प्लग काढला. पडद्यावर सतरा टक्के झाले. तेवढ्यात दाराजवळच्या मेन स्विचपाशी हात गेला आणि खट्.

अंधार. पडदाही काळा.

तरुणपणी रामजींनी गिरणीतली स्विचरूम पेटलेली पाहिली होती. तेव्हापासून घरात करंट ठेवून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. सकपाळांचा फ्रीजसुद्धा रोज संध्याकाळी उपास धरतो, अशी चाळीत चेष्टा होई. चंपाताईंना त्या 'खट्'ची इतकी सवय झाली होती की तो आवाज ऐकू येणंच बंद झालं होतं.

"तुम्ही," अंधारात त्या म्हणाल्या.

"मी काय केलं?"

"रोज त्याच्या तोंडचा घास काढून घेताय. संध्याकाळी अर्धं जेवायचं आणि दुपारी माझ्यासमोर ओकायचं, असं चाललंय त्याचं."

"मग लवकर जेवायला सांग. करंट सोडून मी जाणार नाही."

"जाऊ नका. थांबा."

"वंदनेची वेळ झाली, चंपा."

"आणि रश्मीच्या परीक्षेची?"

रामजींनी मेन पुन्हा वर केला. कॉम्प्युटरने आधी बदल मागे घेतले, मग पहिल्यापासून सुरुवात केली. पडदा मध्येच काळा झाला, की चंपाताई पुढे वाकून कान लावत आणि म्हणत, "आहे, आहे." रामजींनी उठून कॉम्प्युटरच्या डब्याच्या मागच्या बाजूला तळहात धरला.

"गरम हवा मारतोय. काम करतोय खरा." थोड्या वेळाने आपणहूनच म्हणाले, "मागावर कापड चढलेलं असताना मेन पाडला असता, तर जॉबरने, आमच्या मुकादमाने, मला जिन्यावरून खाली फेकला असता."

"मग इथे कसा पाडलात?"

"इथे कापड दिसत नाही ना."

वंदना हुकली. पंखा थांबला तेव्हा दोघंही जेवून पुन्हा तिथेच येऊन बसली होती.

बुधवारी एक वाजता कॉम्प्युटर मुकाट सुरू झाला. चंपाताईंनी आधी सगळीकडे बघून घेतलं, की एवढ्या खटाटोपातून बदललं तरी काय. काही सापडेना.

"वायरिंग बदललं तरी भिंत तशीच दिसते," रामजी म्हणाले आणि वाचनात अडथळा नको म्हणून गॅलरीत जाऊन बसले.

प्रकरण वाचून झालं, रश्मीला पाठवूनही झालं. संध्याकाळी रश्मीचा फोन. "मावशी, एक पान सुटलंय. सातवाहनांची नाणी सांगता सांगता तुम्ही एकदम लेण्याच्या पायऱ्या चढायला लागलात."

चंपाताईंनी पुस्तक पाहिलं. दोन पानं घामाने एकमेकांना चिकटली होती. समोरचं यंत्र धडधडत होतं. उद्याच्या एक वाजेपर्यंत थांबलं असतं तर ते पान परीक्षेच्या आदल्या दिवशी पोचलं असतं.

"आत्ताच वाचू का? मागे आवाज येईल."

"येऊ दे. मला पान पाहिजे."

त्यांनी वाचलं, शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात. पाठवल्यावर थोड्या वेळाने निरोप आला, 'पोचलं.' आणि लगेच पुन्हा फोन.

"मावशी, राजा आपल्या नाण्यावर जहाज कशाला काढेल?"

चंपाताईंनी ते पान खालपासून वरपर्यंत पुन्हा बघितलं.

"यात दिलेलं नाही गं," त्या म्हणाल्या. "तुझा पेपर होऊ दे. मग शोधू."