‘घर इकू नोका’ सांगणाऱ्या कुसुमताई

कुसुमताई वानखडे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते वैशाखात, ऐन उन्हाच्या वेळी. अमरावतीहून नांदगाव पेठेकडे जाताना ज्येष्ठांसाठी बांधलेलं जे संकुल लागतं, ते पाहायला मी आणि माझी पत्नी विजया अकोल्याहून आलो होतो. मुलगा बंगळुरात. त्यानं मोबाइलवर तिथली बाग पाहिली, जेवणाचा हॉल पाहिला, आणि फोनवरच आमचं म्हातारपण ठरवून टाकलं. मी पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेला माणूस. जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय मला कुठल्याच कामावर भरवसा वाटत नाही.

संकुलाचे व्यवस्थापक गावंडे साहेब मोठ्या हौसेनं सगळं दाखवत होते. हा वृद्धाश्रम नव्हे, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. इथे माणूस आपल्या खोलीत, आपल्या कुलपात, आपल्या मर्जीनं राहतो; स्वयंपाक, झाडलोट, नळदुरुस्ती, डॉक्टर हे सगळं संकुल पाहतं. आम्ही मान डोलावत होतो. तेवढ्यात कडक इस्त्रीच्या सुती लुगड्यातल्या एक बाई समोरून आल्या आणि म्हणाल्या, “गावंडे साहेब, यायले दुपार दाखवली का?”

गावंडे साहेब हसले. आता आपलं काही चालायचं नाही, हे ज्याला ठाऊक असतं तसं ते हसणं होतं. या बाई म्हणजे रहिवासी समितीच्या अध्यक्ष कुसुमताई, अशी त्यांनी ओळख करून दिली. ताईंनी आम्हाला हॉलमध्ये जेवू घातलं, पाहुण्यांच्या खोलीत नेलं, कूलर लावला आणि सांगितलं, “आता चहापर्यंत काई करू नोका. नुसतं राहून पाहा.”

ती दुपार मी विसरणार नाही. कूलरची घरघर आणि वाळ्याचा ओला वास, एवढंच काय ते सोबतीला. भाजीवाल्याची हाक नाही, शेजारच्या मिक्सरचा आवाज नाही, कुणाचं पोर रडत नाही. मी दार उघडून बाहेर डोकावलो, तर लांबच लांब व्हरांडा आणि सगळी दारं बंद. विजया छताकडे पाहत पडली होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, “इथं कोनी भांडत बी नाई वो.”

चहा घेऊन ताई स्वतः आल्या. “कशी गेली दुपार?” मी आपलं सभ्यपणानं “छान” म्हणालो. ताई म्हणाल्या, “खोटं नोका बोलू, भाऊ. पयल्या उन्हाळ्यात मले तं रडू आलं होतं.” आणि मग बसल्या. आपण न्हाणीघरात पडलो तेव्हा घंटी दाबताच माणसं कशी धावत आली, डॉक्टर कसे आले, हे त्यांनी कौतुकानं सांगितलं. लगेच पुढे म्हणाल्या, “इथं पडलं तं उचलाले मानसं हायेत. पन पडलो नाई, तं दिवसभर इचाराले कोनी नाई. दोनी गोष्टी खऱ्या हायेत. तुमाले कोनती जड वाटते ते तुमी ठरवा. आन एक सांगतो. अकोल्याचं घर इकू नोका. भाड्यानं द्या, कुलूप लावा, पन इकू नोका. हे घर हातपाय चालते तोवरचं हाये. डोकं नाई तं पाय थकले, का इथून निघा लागते. तसं लिहून घेतेत.”

हे सगळं गावंडे साहेबांच्या देखत. मी थक्क झालो. ज्या जागेसाठी राबायचं, तिच्यातलं उणं येणाऱ्याच्या तोंडावर सांगायचं, ही कुठली रीत? पुढे गावंडे साहेबच एकदा म्हणाले, की ताईंची दुपार पाहून जे आले ते टिकले. नुसती बाग पाहून आलेले कुरकुरत परत गेले. आम्ही दुपार पाहून आलो. घर विकलं नाही.

ताई मूळच्या बार्शीटाकळीच्या. घर माळ्याचं, वडील भाजी पिकवायचे आणि बाजारात नेऊन विकायचे. ताई शिकल्या, अमरावतीत मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर झाल्या आणि सारी नोकरी त्याच वसतिगृहात राहून केली. लग्न केलं नाही. शेकडो पोरींची आजारपणं, रुसवे, परीक्षा आणि लग्नं मात्र त्यांनी केली. त्यामुळे पुष्कळ माणसं एका छताखाली राहतात तेव्हा काय काय बिघडतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. भेंडीचं टोक मोडून भाजीची पारख करावी, तशी त्या दोन वाक्यांत माणसाची पारख करतात. या पारखीचा मला पुढे चांगलाच चटका बसायचा होता.

संकुलातली आमची सुरुवातीची वर्षं सुखाची गेली, हे मी मोकळ्या मनानं सांगतो. पाण्याची मोटर जळाली, गच्ची गळाली, मोलकरीण आली नाही, या कटकटी संपल्या. विजया भजनात रमली. माझी बुद्धिबळाची जुनी खोड पुन्हा जागी झाली. उणं होतं ते हेच, की जिकडे पाहावं तिकडे आपल्याच वयाची माणसं. गप्पा गुडघ्यांपासून निघायच्या आणि परदेशातल्या मुलांपाशी संपायच्या. होळीला रंग उडवणारं पोर नाही. ताईंनी यावरही इलाज काढला. नांदगाव पेठेतल्या कापड कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या मुलींना अभ्यासासाठी जागा नव्हती. ताईंनी फाटकाजवळची रिकामी खोली त्यांना दुपारची उघडून दिली. गोंगाट होईल म्हणून सर्वांत मोठ्यानं ओरडलो तो मी. ताईंनी मला तिथेच गणित शिकवायला बसवलं. ओरडणाऱ्याला कामाला लावायचं ही त्यांची वसतिगृहातली युक्ती असावी. माझी दुपार त्या पोरींनी भरून काढली, हे मान्य करायला मला आता लाज वाटत नाही.

मग विजया विसरायला लागली. आधी चष्मा, मग शेजारणीचं नाव, मग आपली खोली. कुणाच्याही दारात उभी राहून ती अकोल्याच्या घरातला डबा मागू लागली. डॉक्टरांनी सांगितलं ते मी ऐकून घेतलं आणि कुणालाच सांगितलं नाही. पण आमच्या मजल्यावरची माणसं मायाळू. त्यांना न सांगता कळलं. संकुलाचा नियम सगळ्यांना पाठ होता. विजयाचं कळलं की तिला जावं लागणार. मग आम्ही सगळ्यांनी मिळून तिला झाकायला सुरुवात केली. गावंडे साहेब खुशाली विचारायला आले की शेजारच्या काळेबाई विजयाच्या आधीच उत्तर द्यायच्या. हॉलमध्ये ती तेच तेच विचारू लागली, तर ताट खोलीवर येऊ लागलं. भजनाला कुणी काही बोलायला नको, म्हणून तिचं भजनाला जाणंही बंद झालं. आम्हाला वाटत होतं, आपण केवढं पुण्याचं काम करतो आहोत.

ताई त्या दिवसांत भाचीच्या लग्नासाठी बार्शीटाकळीला होत्या. परत आल्या त्या दिवशीच त्यांच्या ध्यानात आलं. एकीची हजेरी दुसरी पोरगी लावते, हे पकडण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्यासमोर आमचं नाटक ते काय टिकणार? त्या सरळ आमच्या खोलीत आल्या.

“भाऊ, बाईले काहून कोंडलं?”

“कोंडलं नाही, ताई. कळलं तर बाहेर काढतील तिला.”

“काढतीन. नियमच हाये. त्याच्यावर माही बी सही हाये.”

मी भयंकर चिडलो. “तुम्हाला बोलायला काय जातं?” असं काहीबाही बोललो. ताईंनी ते अंगाला लावून घेतलं नाही. माझ्याकडे पाठ केली, विजयाजवळ पलंगावर बसल्या, तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, “विजूबाई, तुमाले काय पायजे?”

इतक्या दिवसांत हे कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. विजया अगदी स्पष्ट म्हणाली, “मले घरी जायचं हाये. हे मानूस मले खोलीतून बाहेर जाऊ देत नाई.”

हे मानूस म्हणजे मी. मला त्या क्षणी जे वाटलं ते मी लिहू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई विजयाला हाताला धरून हॉलमध्ये घेऊन आल्या आणि गावंडे साहेबांच्या शेजारी तिला बसवलं. काळेबाईंचा जीव वरखाली होत होता. विजयानं साहेबांना त्यांचं नाव विचारलं, पोहे खाल्ले, पुन्हा नाव विचारलं. साहेबांच्या लक्षात आलं. ताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “नियम बरोबर हाये, साहेब. न्हाऊ घालाले, रात्री सोबत बसाले इथं मानसं नाईत. नाईत तं नाईत, खोटं कशाले सांगता? पन अकोल्याच्या घरातला भाडेकरू निघेपरेंत ह्या इथंच राहतीन. हॉलमधी जेवतीन, भजनाले बसतीन. आन जातीन तवा मोठ्या फाटकातून, दिवसाउजेडी जातीन. चोरावानी कोनी जानार नाई इथून.”

साहेब भला माणूस. त्यांनी मान्य केलं. ते महिने विजयाचे या संकुलातले सर्वांत सुखाचे महिने होते. भजनात ओळ चुकली तर सगळ्या बायका थांबायच्या आणि तिच्याबरोबर पुन्हा सुरू करायच्या. तिला जपायला आता साऱ्या मजल्यांवरची माणसं होती, कारण लपवायचं काही उरलंच नव्हतं. एवढी साधी गोष्ट आम्हा शिकल्यासवरल्या माणसांना सुचली नव्हती.

जायच्या दिवशी ताईंनी विजयाची ओटी भरायचं ठरवलं. संकुलात सवाष्णी थोड्या, विधवा पुष्कळ. त्या मागे सरकू लागल्या तशा ताई कडाडल्या, “मांगं कोनी राहायचं नाई. लेक सासरी चालली तं माय मांगं राहते काय?” आणि आयुष्यभर ज्यांना असल्या कार्यात कोपऱ्यात उभं राहावं लागलं, त्या सगळ्या बायकांनी एकेक करून विजयाच्या पदरात तांदूळ घातले. विजया प्रत्येकीला म्हणत होती, “येजा वो घरी.” मी पुष्कळ समारंभ पाहिले आहेत. इतकं मोठं काही मी पाहिलेलं नाही.

आता आम्ही अकोल्याला असतो. सोपं नाही. मदतीला बाई ठेवली आहे, तरी माझी झोप उडते ती उडतेच. पण विजया तिच्या अंगणात हिंडते, भाजीवाल्याशी सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीवरून भांडते, आणि रस्ता चुकली तर गल्लीतलं कुणीतरी तिला हात धरून आणून सोडतं. संकुलात हे झालं नसतं. आणि आधीची ती निर्धास्त वर्षं अकोल्यात मिळाली नसती. आम्ही तिथे जावं की नाही, असं मला आजही लोक विचारतात. हातपाय धड असतील तर जरूर जा, पण परतायला एक दार ठेवा, एवढंच मी सांगतो. हे शहाणपण माझं नाही, ताईंचं आहे.

ताई अमरावतीहून बसनं आम्हाला भेटायला येतात. मागच्या वेळी निघताना पायरीवर थांबल्या आणि मला म्हणाल्या, “भाऊ, माह्यावर नजर ठेवजा. माहं सुरू झालं का मले तोंडावर सांगजा. बाकीचे लपवतीन.” मी होकार दिला. एवढ्यात आतून विजया आली आणि तिनं विचारलं, “बाई, तुमचं घर कुठं हाये?”

ताई हसल्या. पायरी उतरून चालू लागल्या. त्यांची बस निघून गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बार्शीटाकळीच्या घरातला आपला वाटा ताईंनी भावाला कधीच लिहून दिला होता. नोकरीभर राहिल्या त्या वसतिगृहात. जो भेटेल त्याला घर राखून ठेवायला सांगणाऱ्या या बाईंना स्वतःचं घर नव्हतंच. नियमाखाली सही करताना त्यांना हे ठाऊक होतं. इतक्या वर्षांत आमच्यातल्या एकालाही त्यांना हे विचारावंसं वाटलं नाही. विजयाला वाटलं.

ताई, आज आपली पंच्याहत्तरी. आपण शंभर वर्षं जगावं, आपल्या पायांनी त्या मोठ्या फाटकातून रोज सकाळी फिरायला जावं आणि येईल त्या पाहुण्याला तिथली दुपार दाखवावी, हीच आम्हा सर्वांची मनापासून इच्छा आहे. मात्र पाय कधी नाही म्हणालेच, तर आपल्याला कुठे शोधाशोध करायची नाही. आमची पूर्वेकडची खोली आम्ही रिकामी केली आहे, चुना दिला आहे, पलंग टाकला आहे. इथे कोण येणार, असं विजया मला रोज विचारते. मी रोज आपलं नाव सांगतो, आणि तिला रोज नव्यानं आनंद होतो.