दादाच्या हातांना दिसत होतं

भूतबाधा, करणी, अंगात येणं... असलं काही मी कधीच मानलं नाही. आजही कुणी सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. पण दादाचं जे झालं ते मी स्वतः पाहिलंय. आणि लोकांनी त्याला ढोंगी म्हटलं, त्याचा संताप अजून जात नाही!

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. आमचं खेडं आमगावजवळ, तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात. खळ्यात धानाचं पुंजणं, म्हणजे कापलेल्या भाऱ्यांची उंच रास, रचताना माझा थोरला भाऊ वर उभा राहायचा. खालून गडी भारे फेकायचे, तो झेलून रचायचा. त्या वर्षी पाय घसरला आणि डोक्याची मागची बाजू दगडावर आपटली. शुद्धीवर येऊन म्हणतो, "दिवा काऊन नाही लावला?" बाहेर लख्ख ऊन!

गोंदियाच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिली. म्हणे डोळे एकदम ठीक. झालं! गाव म्हणायला लागलं, कामचोर आहे, सोंग करून राहिला.

वहिनीचे वडील तर गाडी जुंपून तिला न्यायलाच आले. खळ्यात बसलेल्या दादावर त्यांनी न बोलता एक भारा भिरकावला. दादाने हात वर केले... आणि झेलला!

"पाहा! दिसते याले! चाल पोरी, ढोंग्याच्या घरी नाही राहाचं."

"मामाजी, मायची आन, मले अंधारच दिसते. हात कसे गेले, मले नाही मालूम जी..." दादा रडत होता. पण ऐकतो कोण? वहिनी मुकाट्याने गाडीत बसली. मला तिचाही राग आला.

दादा उठून तसाच निघाला. वाटेत आडवा पडलेला नांगर त्याने बरोबर चुकवला. लोक हसले. वहिनीच्या अगदी समोर येऊन तो थांबला आणि मला हाक मारली, "बाई, गेली का व तुही वयनी?"

हसणं बंद. वहिनी खाली उतरली, दादाचा हात धरला. "बाबा, तुमी जा." बाप निघून गेला, पण मरेपर्यंत माफीचा एक शब्द नाही!

माझा नातू सांगतो, मेंदूच्या मागच्या भागाला मार लागला की माणसाला दिसत नाही, पण डोळ्यांची खबर दुसऱ्या वाटेने हातापायांना पोचते. असेल बाबा! पण मग तो नांगर पाहिला कोणी?

वहिनी म्हातारी झाली ते दादाला कधी दिसलं नाही. ती आवाज न करता दारात उभी राहिली, तरी त्याची मान तिच्याकडेच वळायची. कशी, ते देव जाणे. छे, देवालाही माहीत नसेल!